‘डार्क’चा शेवट आशेचा की निराशेचा? (शेवट उघड केलाय, मालिका पाहिली नसेल तर पुढं वाचू नका)

मांजराकाठ (लातूर)

‘डार्क’ म्हणजे निराशेची मालिका असं जो तो म्हणतो. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय. तिन्ही सीझन मिळून पाहिले तर ही मालिका आशेची आहे आणि ती आशा स्वस्तातली नाही, असं माझं म्हणणं.

पाहून बराच काळ झालेल्यांसाठी थोडी उजळणी. जर्मनीतलं विंडेन नावाचं काल्पनिक गाव. बाजूला अणुऊर्जा केंद्र, जंगल, जंगलात गुहा. काह्नवाल्ड, नील्सन, डॉपलर आणि टीडेमान अशी चार घराणी. 2019 मध्ये पोरं बेपत्ता व्हायला लागतात आणि कळतं की गुहेतल्या वाटेनं 33 वर्षं मागं, 1986 मध्ये जाता येतं, तिथून आणखी मागं 1953 मध्ये. बारान बो ओडार आणि यान्टये फ्रीझे या दोघांनी ही मालिका रचली. नेटफ्लिक्सची ही पहिली जर्मन मालिका. पहिला सीझन डिसेंबर 2017 मधला, शेवटचा आला 27 जून 2020 ला. कथेतही जग बुडतं ती तारीख हीच आहे.

पहिल्या दोन सीझनमध्ये आशा म्हणून जे जे पुढं येतं ते ते मालिका मोडून टाकते. ज्याचा लेक मिकेल बेपत्ता झालाय तो उलरिख नील्सन 1953 मध्ये जाऊन लहानग्या हेल्गेच्या डोक्यात दगड घालतो, कारण मोठेपणी हाच माणूस पोरं पळवण्यात सामील असणार हे त्याला ठाऊक असतं. हेल्गे मरत नाही, चेहरा विद्रूप होऊन जगतो. उलरिखचा उरलेला जन्म मात्र वेड्यांच्या इस्पितळात जातो. मालिकेचा नायक योनास याचं याहून वाईट. त्याचा बाप म्हणजे काळात मागं जाऊन तिथंच मोठा झालेला मिकेल. बापानं 21 जून 2019 ला गळफास घेतला, तर त्याला थांबवायला तो आदल्या दिवसात पोचतो. तिथं गेल्यावर उमजतं की बापाच्या मनात असलं काही नव्हतंच. ही गोष्ट त्याच्या कानावर पहिल्यांदा पडली ती योनासच्याच तोंडून. तो प्रसंग पाहताना माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्या क्षणी मीही म्हटलं होतं की ही माणसं सुटत नाहीत.

पण शेवट बघा. क्लाउडिया टीडेमान शोधून काढते की आपण पाहिली ती दोन्ही जगं मूळची नाहीत, मूळ जग तिसरंच आहे. तिथं टानहाउस नावाचा घड्याळजी राहतो. 1971 मध्ये बापलेकाचं भांडण होतं, मुलगा मारेक रात्री भर पावसात बायको सोन्या आणि तान्ह्या शार्लोटला घेऊन गाडीनं निघतो आणि अपघातात तिघंही जातात. त्यांना परत आणायचं म्हणून म्हातारा यंत्र बांधतो, 1986 मध्ये ते चालू करतो, आणि त्याचं जग फुटून दोन जगं होतात. योनास आणि दुसऱ्या जगातली मार्था त्या अपघाताच्या रात्री पोचून रस्त्यात गाडी अडवतात. मारेक माघारी फिरतो, बापाला भेटतो. आता यंत्र बांधायचं कारणच उरत नाही. दोन्ही जगं विरतात आणि त्यांच्याबरोबर ही दोघंही.

सगळी मालिका जो तो आपापलं माणूस वाचवायला धावतोय. उलरिखला त्याचा मिकेल हवा, त्याची बायको काथारिना हिला उलरिख हवा, योनासला मार्था हवी. त्या ओढाताणीतच गाठ बसत गेली. शेवटी पहिल्यांदा दोन माणसं अशा कुणासाठी जातात ज्यांच्याशी त्यांचं नातं नाही, ज्यांच्याकडून त्यांना काही मिळणार नाही, आणि गाठ सुटते. याला मी आशा म्हणतो. तुम्ही काय म्हणता?

गोदातीर (नांदेड)

दादा, उजळणी छान केलीत, पण मुद्दा पटला नाही.

एलिझाबेथ डॉपलर आठवा. ऐकू न येणारी, हातवाऱ्यांनी बोलणारी लहान पोरगी. जग बुडाल्यावर ती आणि तिचा बाप पेटर कसेबसे तग धरतात. मग बापही मारला जातो. ती एकटी त्या राखेतून वाट काढते, मोठी होते, उरलेल्या माणसांची पुढारी होते. नोआ नावाच्या तरुणावर तिचं प्रेम बसतं, लेक होते, ती लेक तान्ही असतानाच पळवून नेली जाते. इतकं सोसून ती उभी आहे. आणि शेवटी योनास-मार्था गाडी अडवतात आणि एलिझाबेथ कधी जन्मलीच नव्हती असं होतं. तिला कुणी विचारलं? माग्नुसला, फ्रान्झिस्काला विचारलं? दोन पोरांनी मिळून दोन जगांचा निर्णय घेतला.

दुःख संपवायचा उपाय म्हणून दुःख भोगणारी माणसंच पुसून टाकायची, हे आशेत कसं बसतं? माझ्या मते ही अतिशय सुंदर बनवलेली, अतिशय निराश मालिका आहे. शेवटी गाणं आणि उजेड लावला म्हणून ती आशेची होत नाही.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

चर्चेत मध्येच येतोय, पण जे नव्यानं बघणार असतील त्यांना एक विनंती. जर्मन आवाजातच बघा, खाली इंग्रजी अक्षरं ठेवा. इंग्रजी डबिंगमध्ये माणसांचा धीर सुटताना आवाज जो फाटतो तो ऐकू येत नाही. आणि वही जवळ ठेवा. आमच्याकडं भावकीत कोण कुणाचा कोण हे लग्नपत्रिकेवरून शोधावं लागतं, विंडेनमध्ये तर शार्लोट डॉपलर (अपघातातली तान्ही शार्लोट वेगळी) आणि एलिझाबेथ एकमेकींच्या आईही आहेत आणि लेकीही. मी कागदावर वंशावळ काढली तेव्हा कुठं तिसरा सीझन डोक्यात शिरला.

मूळ प्रश्नावर सवडीनं लिहितो. मला क्लाउडियाबद्दल बोलायचंय.

औंढेकर_सर (हिंगोली)

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्या अंगानं थोडं लिहितो.

मालिका उघडते ती आईनस्टाईनच्या वाक्यानं: भूत, वर्तमान आणि भविष्य यांतला फरक हा केवळ एक चिवट भ्रम आहे. पहिल्यांदा ऐकताना वाक्य थंड वाटतं, सगळं आधीच ठरलेलं आहे असं बजावणारं. पण ते आलं कुठून ते पाहा. मिशेल बेसो हा आईनस्टाईनचा तरुणपणापासूनचा जिवलग मित्र. मार्च 1955 मध्ये तो वारला, तेव्हा आईनस्टाईननं त्याच्या घरच्यांना सांत्वनाचं पत्र लिहिलं, त्यातलं हे वाक्य. लिहिणारा स्वतः पुढच्याच महिन्यात, 18 एप्रिलला गेला. मित्र आता नाही म्हणजे तो नव्हताच असं होत नाही, असं तो त्या घराला सांगत होता. सापेक्षतेच्या हिशोबात ‘आत्ता’ हा क्षण सगळ्यांचा सारखा नसतो, म्हणून जे घडलं ते काळाच्या नकाशावर आपल्या जागी असतंच. गोदातीर, एलिझाबेथचं सोसणं वाया गेलं असं तुम्ही म्हणता, त्यावर मालिकेनं पहिल्याच मिनिटाला ठेवलेलं हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं.

आता माझी अडचण. भूतकाळात गेलात तरी जे घडलं त्याच्याशी विसंगत असं काही तुमच्या हातून घडू शकत नाही, असं एक तत्त्व मांडलं गेलंय. रशियन शास्त्रज्ञ नोविकोव्ह यांच्या नावानं ते ओळखलं जातं. ‘डार्क’चे पहिले दोन सीझन हे तत्त्व इतकं काटेकोर पाळतात की वर्गात उदाहरण म्हणून सांगावं. उलरिखचा दगड, योनासचा बाप, सगळं त्यात बसतं. शेवट मात्र हे तत्त्व मोडतो. अपघात झाला नाही तर यंत्र नाही, यंत्र नाही तर योनास नाही, आणि योनास नाही तर गाडी अडवली कुणी? याचं उत्तर मालिका देत नाही. म्हणून प्रश्न असा की ही आशा कथेच्या आतून उगवली, की लिहिणाऱ्यांनी बाहेरून आणून हातात दिली? बाहेरून दिली असेल तर तिची किंमत कमी होते.

जाता जाता: औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा होऊ घातली आहे. काटकोनात दोन बाहू, प्रत्येक चार किलोमीटरचा. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. अवकाश-काळाला पडणारा अणूहूनही कितीतरी बारीक ताण मोजणारं यंत्र आमच्या सोयाबीन-हळदीच्या शिवारालगत उभं राहणार, याचा मला फार आनंद आहे. पोरांना मी ‘डार्क’पासून सुरुवात करून तिथपर्यंत नेतो.

मांजराकाठ (लातूर)

सर, पत्राचा संदर्भ माहीत नव्हता. पुन्हा पहिला भाग लावला की ते वाक्य वेगळं ऐकू येईल.

आतून की बाहेरून यावर माझं म्हणणं मांडतो. जग बुडतं त्या क्षणी काळ अगदी निमिषभर थांबतो आणि तेवढ्यापुरता कार्यकारणाचा दोरा तुटतो, ही फट तिसऱ्या सीझनमध्ये शेवटाच्या बरीच आधी दाखवलेली आहे. तिचाच वापर होऊन योनासचे दोन योनास होतात. एकाला दुसऱ्या जगातली मार्था येऊन घेऊन जाते, दुसऱ्याला न्यायला कुणी येत नाही आणि तोच पुढं आडाम होतो. एवा, म्हणजे दुसऱ्या जगातली म्हातारी झालेली मार्था, ही फट हेच चक्र चालू राहावं म्हणून वापरत आलेली आहे. म्हणजे दार आधीपासून होतं, रोजच्या वापरातलं होतं. त्यातून बाहेर पडता येईल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण आडामला सगळं संपवायचं होतं आणि एवाला सगळं राखायचं होतं. ही माझ्या दृष्टीनं आतूनच आलेली आशा.

गाडी कुणी अडवली हा प्रश्न मात्र सुटत नाही, हे खरं.

माळवद (लातूर)

हा धागा वाचून राहवलं नाही. लांबेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपातलं. 30 सप्टेंबर, पहाटे चारच्या आत. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली. पुढं पुनर्वसन झालेल्या 52 गावांत आमचंही गाव. माझे आईवडील वाचले. माझे दोन भाऊ गेले. त्यांना मी पाहिलेलं नाही, कारण माझा जन्म 1995 चा. आईचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. भूकंपानंतर ते उलटं करणारं दुसरं ऑपरेशन करून घेतलं आणि मग मी झाले. आमच्या भागात अशी मी एकटीच नाही.

आता सांगा, मी ‘डार्क’ कशी बघावी? टानहाउसच्या घरातली तीन माणसं गेली म्हणून योनास झाला. माझ्या घरातली दोन गेली म्हणून मी झाले. यंत्र नाही, गुहा नाही, एवढाच फरक. योनासला जेव्हा कळतं की आपण असणं हाच त्या अपघाताचा परिणाम आहे, तेव्हा मी मालिका बंद करून ठेवली होती. बऱ्याच दिवसांनी पुढं पाहिली.

आईला मी कधी विचारलं नाही की तुला तेव्हा मागं जाता आलं असतं तर काय केलं असतंस, आणि विचारणारही नाही. तिच्यावर तो प्रश्न लादू नये. पण मला कुणी त्या पुलावर नेऊन सोडलं असतं तर मी गाडी अडवली असती. दोन पोरं घरात झोपलेली आहेत आणि त्यांना बाहेर काढता येतंय, त्याबदल्यात मी नसेन, तर मी काढलं असतं. हे लिहिताना मला भीती वाटत नाही. योनास आणि मार्था हात धरून उभी राहतात, आपलं काही मागं राहील का असं मार्था विचारते, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आहे ते मला कळतं. ते हरलेल्या माणसांचे चेहरे नाहीत.

पण गोदातीर यांचंही ऐकायला हवं. मी माझ्यापुरतं ठरवू शकते. आमच्या गल्लीत 1993 नंतर जन्मलेल्या बाकीच्यांचं मी कसं ठरवणार? एलिझाबेथचा प्रश्न तिथंच उरतो.

आणखी एक. मी स्थापत्य अभियंता आहे, घरं बांधणं हे माझं काम. त्या पहाटे माणसं मेली ती दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली. लाकडी खांब-तुळ्यांवर मातीचा हा एवढा थर, उन्हाळ्यात घर गार ठेवणारा. त्याचंच ओझं अंगावर आलं. भिंतीत दगडांना एकमेकांशी बांधणारं काही नव्हतं. तोपर्यंत भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. 2002 मध्ये देशाचा तो नकाशा बदलला, सगळ्यात खालचा पट्टा काढूनच टाकला, कारण ‘इथं काही होत नाही’ असं म्हणायची सोय किल्लारीनं ठेवली नाही. आज दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना धरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवतात तो यासाठी. साइटवर मिस्त्री म्हणतो, मॅडम, एवढ्याशा घराला कशाला, चार हजार वाचतील. मी तो पट्टा घालूनच घेते. टानहाउसनं यंत्र बांधायला जी वर्षं घातली ती मला कळतात, पण त्याच्या गावात तो पूल, तो वळणाचा रस्ता कुणी नीट केला का, हे कुणी विचारतच नाही. मालिकेत ही वाट नाही. मला ती हवी होती.

बालाघाट (बीड)

माळवद ताई, तुमचं वाचून बराच वेळ काहीच लिहिता आलं नाही. तरी लिहायलोय, कारण चक्राचा विषय आमच्या रोजच्या जगण्यातला आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दिवाळी झाली की वर्गातली पोरं कमी व्हायला लागतात. आईबाप कारखान्याला जायलेत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असती, ती फिटंस्तोवर ऊस तोडायचा, नाही फिटली तर बाकी पुढच्या साली. पोरगं बरोबर गेलं की फडातच लहान भावंड सांभाळतंय, वाढं गोळा करतंय. चौदा-पंधराचं झालं की त्याच्याच हातात कोयता, लवकर लग्न, की झाला नवा कोयता, नवी उचल. आजा, बाप, पोरगा. विंडेनमध्ये 33 वर्षांचा फेरा होता, आमच्याकडं त्याहून लहान.

म्हणून मला पहिले दोन सीझन खरे वाटले आणि शेवट परका वाटला. आमच्या पोराला कुणी मूळ जगात नेऊन सगळं पुसून देणार नाही. आमच्याकडं काय असतंय? हंगामी वसतिगृह. आईबाप फडात असले तरी पोराला गावातच आज्जीकडं ठेवायचं, दोन वेळचं जेवण शाळेमार्फत, म्हणजे वर्ष बुडत नाही. त्याचे पैसे वेळेवर येत नाहीत, कधी आज्जीच आजारी पडती, कधी बाप ऐनवेळी म्हणतो, सर, एक हात कमी पडतोय, न्यायलो पोराला. तरी दरसाली काही पोरं थांबतेत. थांबलेलं पोरगं दहावी होतंय, नर्सिंगला जातंय, पोलीस भरतीला पळतंय. ते पोरगं फडात नाही, एवढ्यानं बापाची उचल माफ होत नाही. पण पोराच्या नावावर ती चढत नाही.

मांजराकाठ म्हणायलेत ती फट मला अशी दिसती. सगळं जग एका झटक्यात बदलणारी नव्हं, दरसाली दिवाळीनंतर पुन्हा उघडावी लागणारी. माझं मत विचाराल तर मालिका आशेची आहे, पण शेवटामुळं नाही. योनास प्रत्येक वेळी हरतोय आणि तरी पुन्हा निघतोय, त्यामुळं आहे.

गोदातीर (नांदेड)

माळवद ताई, तुमच्या पोस्टवर मी वाद घालणार नाही. ती मनात ठेवते.

बालाघाट सर, योनास पुन्हा निघतो ते खरं, पण त्याचं पुन्हा निघणं हेच तर चक्राचं इंधन आहे. तो जितका धडपडतो तितकं ते घट्ट होतं आणि धडपडून धडपडून तोच आडाम होतो, ज्याला सगळं जाळायचं आहे. एका भल्या पोराच्या आशेचंच रूपांतर द्वेषात होतं, हे मालिका दाखवते. तुमची वसतिगृहातली पोरं तशी नाहीत. तुम्ही तुमची आशा मालिकेला उसनी देताय.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

आता क्लाउडिया. तिच्याशिवाय हा धागा पुरा होत नाही.

क्लाउडिया टीडेमान 1986 मध्ये अणुऊर्जा केंद्राची प्रमुख होते. हुशार, महत्त्वाकांक्षी, घरात लक्ष नसलेली. लेक रेजिना पुढं कॅन्सरनं खंगत जाते. बापाला वाचवायला ती धडपडते आणि तो तिच्याच डोळ्यांदेखत जातो. तिच्याही हातून वाईट गोष्टी घडतात, खून घडतो, ती खोटं बोलते. पण आडाम आणि एवा एकमेकांशी लढत असताना ही एकटी बाई दोघांनाही फसवत, वर्षानुवर्षं दोन्ही जगांच्या वंशावळी तपासत बसते. गोदातीर, तुम्ही म्हणता आशेनंच चक्र घट्ट होतं. क्लाउडियाची आशा वेगळ्या जातीची आहे. योनास धावतो, ती मोजदाद करते. कोण कुणापासून झालं हे तपासता तपासता तिला दिसतं की काही माणसं या गाठीतून जन्मलेलीच नाहीत, आणि त्यात रेजिना आहे. म्हणजे गाठ सुटली तर लेक राहील, आपण केलेलं मात्र कुणाला कळणार नाही. ती आडामसमोर येऊन बसते आणि त्याला तिसऱ्या जगाचं सांगते, तो प्रसंग माझ्या लेखी मालिकेतला सगळ्यात मोठा. ओरडा नाही, हत्यार नाही. एक म्हातारी बाई एका म्हाताऱ्या माणसाला शांतपणे सांगते की तुझी सगळी हयात चुकीच्या ठिकाणी खणण्यात गेली. आणि तो ऐकतो! आडामसारखा माणूस ऐकतो, ही मला खरी आशा वाटते.

माझ्या आजोळी पैठणला प्रवचनात संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे सतत कानावर पडायचं. पूर्वीचं साठलेलं ते संचित, त्यातलं आता भोगायला आलेलं ते प्रारब्ध आणि आज हातून घडतंय ते क्रियमाण. आडाम सगळ्याला प्रारब्ध समजतो, म्हणून जाळायला निघतो. एवाही सगळ्याला प्रारब्धच समजते, म्हणून जपत बसते. क्लाउडिया तेवढी क्रियमाणावर बोट ठेवते.

औंढेकर_सर (हिंगोली)

खामकाठ, वंशावळीचा मुद्दा पक्का आहे. शेवटचं जेवण आठवा. टेबलाभोवती योनासची आई हाना, काथारिना, रेजिना, पेटर, बर्नाडेट आणि पोलीस वोलर बसलेत. उलरिख नाही, शार्लोट नाही, कारण ते गाठीतून आलेले. जे आहेत ते सगळे तिच्या तपासणीत ‘बाहेरचे’ ठरणारे. रेजिना हसते आहे. म्हणजे क्लाउडियाचा हिशोब बरोबर आला. लेखकांनी आशा बाहेरून आणून दिली का, हा माझाच प्रश्न होता. पात्रानं पुरावे गोळा करून ती मिळवली, या बाजूला मी आता झुकलोय. विज्ञान असंच चालतं, म्हणूनही मला हे जवळचं वाटतं.

मांजराकाठ (लातूर)

त्या जेवणावरच बोलायचं होतं. दिवे जातात, हानाला आधी घडून गेल्यासारखं काहीतरी जाणवतं, योनास घालायचा तसल्या पिवळ्या रेनकोटकडे ती बघत राहते. ती गरोदर आहे. बाळाचं नाव काय ठेवणार असं विचारल्यावर ती म्हणते, योनास हे नाव छान वाटतं. काही जण यावरून म्हणतात की चक्र पुन्हा सुरू होणार. मला तसं अजिबात वाटत नाही. या योनासचा बाप मिकेल असूच शकत नाही, कारण मिकेलच नाही. यंत्र नाही, गुहेतली वाट नाही. फक्त नाव आलंय. सर म्हणाले तसं, घडलेलं आपल्या जागी राहतं, त्याचा एवढा एक धागा इकडं पोचला.

माळवद ताई, भूकंपानंतर गावोगाव गेलेल्यांची नावं नव्या बाळांना ठेवली गेली असतील ना?

माळवद (लातूर)

ठेवली गेली. माझ्या चुलत भावाला माझ्या थोरल्या भावाचं नाव आहे. त्याला त्या नावाचं ओझं वाटलेलं मी पाहिलेलं नाही. आई त्याला जरा जास्त वाढते जेवायला, एवढंच.

म्हणून हानाच्या त्या वाक्याला मी दुष्टचक्र म्हणणार नाही. पण हानाला माहीत नाही की हे नाव कुणाचं आहे. आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. त्या टेबलावर एक तरी माणूस असा असायला हवा होता ज्याला माहीत आहे.

गोदातीर (नांदेड)

ताई, हेच मला सुरुवातीपासून म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत. आशेबद्दल माझं भांडण नाही, विसरण्याबद्दल आहे. खामकाठ यांच्या क्लाउडियापुरतं मी मान्य करते. ती आशेनं वागते आणि डोळे उघडे ठेवून वागते. पण संपूर्ण मालिकेला आशेची म्हणायला मी अजून तयार नाही. पुसल्या गेलेल्यांची आठवण ठेवणारं कुणी त्या जगात उरत नाही.

बालाघाट सर, एक विचारते. तुम्ही अकरावी-बारावीच्या पोरांना ही मालिका दाखवाल का?

बालाघाट (बीड)

शाळेत नाही दाखवता येणार, मोठ्यांची मालिका आहे आणि गळफासाचे प्रसंग आहेत. आमच्या भागात तो विषय पोरांच्या घरात शिरलेला असतो, समोर बसून बोलणारं मोठं माणूस नसताना दाखवू नये. पण माझे जुने विद्यार्थी आता कॉलेजला आहेत, त्यांच्यासोबत बसून बघीन. थांबवत थांबवत. योनास बापाला भेटायला जातो तिथं तर नक्की थांबवीन आणि विचारीन की आता तुम्ही काय केलं असतं.

मांजराकाठ (लातूर)

गोदातीर ताई, आठवण ठेवणारं कुणी उरत नाही, हे त्या जगापुरतं खरं आहे. मालिकेच्या आत एलिझाबेथचा हिशोब कुणी देत नाही, तो द्यायला हवा होता, हेही मी मान्य करतो. तरी मी आशेच्या बाजूनं आहे. मारेकची गाडी अडवताना योनास आणि मार्था त्याला धमकी देत नाहीत, भविष्य समजावत बसत नाहीत. बापाचं तुझ्यावर प्रेम आहे, एवढंच त्याच्यापर्यंत पोचवतात, आणि भांडून निघालेला माणूस गाडी वळवतो. दोन जगं, चार घराणी, इतकी माणसं मेली, आणि हे सगळं ज्याच्यामुळं झालं ते बापलेकाचं एका रात्रीचं भांडण होतं. ते वेळेत मिटवता येण्यासारखं होतं.

पुढच्या आठवड्यात दुसरा सीझन पुन्हा लावतोय, एलिझाबेथच्या प्रसंगांवर लक्ष ठेवून. कुणाला बरोबर बघायचं असेल तर इथंच सांगा, भागागणिक लिहीत जाऊ. गोदातीर ताई, पहिली पोस्ट तुमची.